सोरायसिस : यीस्टवरचा अर्धाच सिद्ध झालेला आरोप

सोरायसिसवर गेल्या दशकभरात आलेल्या औषधांपैकी जी सर्वांत परिणामकारक ठरली, त्यांतल्या काहींच्या माहितीपत्रकात एक दुष्परिणाम हमखास छापलेला असतो : यीस्टचा संसर्ग, तोंडात, घशात किंवा जननेंद्रियांच्या भागात. सेक्युकिनुमॅब, इक्सेकिझुमॅब, बिमेकिझुमॅब ही त्या औषधांची नावे. इंजेक्शने सुरू झाली की काही आठवड्यांत कोपरांवरचे, पाठीवरचे जाड लालसर चट्टे विरायला लागतात. वर्षानुवर्षे उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालणारी माणसे अर्ध्या बाह्यांत दिसू लागतात. आणि त्यांच्यातल्या काहींच्या जिभेवर त्याच सुमारास दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर धरतो. तो कँडिडा नावाच्या यीस्टचा. बहुतेकांत तो सौम्य असतो आणि साध्या औषधाने जातो. सोरायसिसचे इंजेक्शन थांबवण्याची वेळ क्वचितच येते.

सोरायसिस मावळतो आणि यीस्ट वाढते, असे एकाच शरीरात एकाच वेळी घडते. सोरायसिसचे मूळ पोटात किंवा त्वचेवर माजलेल्या यीस्टमध्ये आहे, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढ्या एका निरीक्षणापाशी तरी थांबायला हवे. पण ‘यीस्ट काढा, सोरायसिस जाईल’ हे सूत्र आहाराच्या सल्ल्यांत, पूरक गोळ्यांच्या जाहिरातींत आणि कधीकधी दवाखान्यातही ऐकू येतच राहते. ते निव्वळ थोतांड असते तर प्रश्न सोपा होता. त्यात खरा अंश आहे, म्हणूनच ते टिकून आहे. खरा अंश कोणता आणि फुगवलेला कोणता, हे पाहणे भाग आहे, कारण फुगवलेल्या भागाची किंमत रुग्ण मोजतो : पैशांत, यकृतात आणि पुष्कळदा सांध्यांत.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पावाच्या पिठात टाकतात ते सॅकरोमायसिस. तोंडात, आतड्यात, योनिमार्गात राहते ते कँडिडा. त्वचेवर राहते ते मॅलॅसेझिया. तिन्हींना यीस्ट म्हटले तरी त्यांचे आपसांतले नाते फार लांबचे. मॅलॅसेझिया तर कुळाने कँडिडापेक्षा अळंब्यांना जवळचे आहे. गजकर्ण किंवा नायटा करणारी बुरशी यांपैकी कोणतीच नव्हे. ती धाग्यांनी पसरणारी वेगळीच जात. मेडिकलच्या काउंटरवर मात्र या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे : ‘फंगल’. निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

यांपैकी मॅलॅसेझियाचा सोरायसिसशी असलेला संबंध सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासार्ह. फ्रान्समधल्या लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये डोक्याच्या खपल्यांमध्ये हे जीव पाहिले आणि १८८९ मध्ये त्यांना मालासे यांचेच नाव मिळाले. या यीस्टला तेलाशिवाय जगता येत नाही. बहुतेक जातींना लागणारी मेदाम्ले स्वतः बनवता येत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवायचे तर ऑलिव्हचे तेल किंवा तशी स्निग्ध सोय करावी लागते. साहजिकच त्यांची वस्ती टाळूवर, कपाळावर, नाकाच्या कडांना, कानामागे, छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागात, म्हणजे जिथे त्वचेच्या तैलग्रंथी भरपूर तिथे. जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या अंगावर हे यीस्ट असते. मराठीत ज्यांना शिबे म्हणतात ते फिकट डाग याच यीस्टचे काम, आणि कोंड्यातही त्याचा मोठा वाटा आहे.

टाळूवरचा सोरायसिस आणि हट्टी कोंडा यांच्यातली सीमा पुसट असते. काही रुग्णांत दोन्ही इतके मिसळलेले असतात की त्वचारोगतज्ज्ञ त्याला ‘सेबोसोरायसिस’ असेच जोडनाव देतात. त्यामुळे कोंड्यातले यीस्ट सोरायसिसमध्येही हात मारत असेल, ही शंका येणे स्वाभाविक होते. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ विल्यम रोझेनबर्ग यांनी सहकाऱ्यासह एक निरीक्षण प्रसिद्ध केले : केटोकोनॅझोल ही तेव्हाची नवी बुरशीनाशक गोळी दिल्यावर टाळूवरचा सोरायसिस सुधारला. दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे सॅम शुस्टर यांनी कोंड्याचे कारण यीस्टच आहे, असे ठामपणे मांडले. त्यांच्या गटालाही टाळूच्या सोरायसिसच्या काही रुग्णांत केटोकोनॅझोलचा उपयोग झालेला दिसला. इथून पुढे ‘यीस्ट मारा’ या कल्पनेला वैद्यकीय नियतकालिकांचा आधार मिळाला.

तो आधार किती भक्कम होता? फारसा नाही. एक तर रुग्ण थोडे होते आणि सोरायसिस हा आपल्या मर्जीने चढणारा-उतरणारा आजार आहे. पावसाळ्यात थोडा बरा, थंडीत पुन्हा जोरात, असे चक्र रुग्णांच्या ओळखीचे असते. दुसरे म्हणजे केटोकोनॅझोल केवळ यीस्ट मारत नाही. शरीरात अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल ज्या यंत्रणेने मोडले जाते, तिलाही ते आवर घालते, आणि रेटिनॉइड गटातली औषधे सोरायसिसवर वापरलीच जातात. केटोकोनॅझोलच्याच कुळातले लिआरोझोल नावाचे औषध तर नेमक्या याच गुणासाठी सोरायसिसवर तपासले गेले. म्हणजे गोळीने गुण आला, एवढ्यावरून तो यीस्ट मेल्यामुळे आला, असे म्हणता येत नाही. तापाची गोळी घेऊन डोकेदुखी थांबली म्हणून डोकेदुखी तापामुळेच होती, असे कोणी म्हणत नाही.

आणि कोपर-गुडघ्यांचे काय? सोरायसिसच्या चट्ट्यांची सगळ्यांत ठरलेली जागा म्हणजे कोपरांची बाहेरची बाजू, गुडघ्यांचा पुढचा भाग, नडग्या, कंबर. कोपर आणि नडग्या हे शरीरातले कोरडे प्रदेश. तेलावर जगणाऱ्या यीस्टच्या दृष्टीने जवळजवळ ओसाड रान. जिथे यीस्टची दाट वस्ती असते त्या नाक-कपाळावर सोरायसिस असतो, पण कोपरांइतका नेहमीचा नव्हे. यीस्ट हे मूळ कारण असते तर नकाशा उलटा दिसला असता. टाळूपुरता मॅलॅसेझियाचा हात मान्य केला, तरी संपूर्ण आजार त्याच्या माथी मारण्याला हा नकाशा आड येतो.

टाळूवरून हा वाद आतड्यात उतरला तो १९८३ च्या सुमारास, आणि तिथे तो पुरता भरकटला. त्या वर्षी अमेरिकेत विल्यम क्रूक या बालरोगतज्ज्ञांचे ‘द यीस्ट कनेक्शन’ हे पुस्तक आले. थकवा, डोकेदुखी, नैराश्य, पोटफुगी, त्वचेचे विकार या सगळ्यांमागे आतड्यात वाढलेले कँडिडा आहे, असा त्याचा रोख होता. उपाय दोन : साखर आणि यीस्ट असलेले अन्न वर्ज्य करणे आणि निस्टॅटिनसारखे बुरशीनाशक घेणे. (निस्टॅटिनची कथा मात्र खरोखर सुंदर आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी मातीतल्या एका जिवाणूपासून ते शोधले, १९५० मध्ये जाहीर केले आणि राज्याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले.) अमेरिकेतल्या ॲलर्जी व प्रतिकारशास्त्र अकादमीने १९८६ मध्ये ही सगळी मांडणी अटकळीवर आधारलेली आणि असिद्ध असल्याचे जाहीर केले. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४२ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. योनिमार्गाच्या तक्रारी निस्टॅटिनने कमी झाल्या, तसे होणे अपेक्षितच होते. पण थकवा, मनाची उदासी वगैरे सार्वदेहिक तक्रारींवर निस्टॅटिन आणि नुसती साखरेची गोळी यांत दखल घेण्यासारखा फरक निघाला नाही.

ती चाचणी सोरायसिसवर नव्हती, हे खरे. पण आज सोरायसिसच्या रुग्णाच्या हाती ठेवला जाणारा ‘यीस्टमुक्त आहारा’चा कागद त्याच पुस्तकाचा वारस आहे. महाराष्ट्रात त्याला घरगुती पथ्याची जोड मिळते आणि यादी वाढत जाते : पाव बंद, इडली बंद, ढोकळा बंद, आंबोळी बंद, दही तर बंदच. यात गंमत अशी की पावातले यीस्ट भट्टीत मरते. इडलीचे पीठ फुगते ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे आणि उकडताना तेही मरतात. दही लागते तेही जिवाणूंमुळेच. यांतले काहीही खाऊन आतड्यात कँडिडाची शेती पिकत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने सोरायसिसला फायदा होतो, दारू-सिगारेट सोडल्यानेही होतो. पण ते सल्ले नीरस वाटतात आणि ‘यीस्ट’ या शब्दात शोध लागल्याचा आनंद असतो.

सोरायसिसच्या रुग्णांच्या तोंडात आणि विष्ठेत कँडिडा इतरांपेक्षा अधिक वेळा सापडते, असे काही अभ्यासांत दिसले आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण निरोगी माणसांतही ते मोठ्या प्रमाणात सापडते. शिवाय सोरायसिसच्या रुग्णांत मधुमेह अधिक, स्थूलता अधिक, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारेही पुष्कळ. आणि या तिन्ही गोष्टी कँडिडाला अनुकूल. यीस्टमुळे आजार की आजारामुळे यीस्ट, हे नुसत्या मोजणीतून ठरत नाही.

ते ठरवायचे तर प्रतिकारशक्तीच्या आत डोकवावे लागते, आणि सारी गोष्ट खरी रंगते ती तिथे. यीस्टशी लढण्यासाठी शरीराकडे एक खास संदेशवाहक प्रथिन आहे : इंटरल्यूकिन-१७. त्वचेखालच्या काही पांढऱ्या पेशी ते सोडतात. मग त्वचेच्या पेशी जंतुनाशक द्रव्ये बनवतात, आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतात आणि स्वतः भराभर वाढून वरचा थर झटकून टाकू लागतात. त्वचेवर यीस्ट वाढत असेल तर हा उत्तम डाव आहे. जन्मतः ज्यांच्यात ही यंत्रणा बिघडलेली असते, त्यांना लहानपणापासून तोंडात, नखांत, त्वचेवर कँडिडाचा चिवट संसर्ग होत राहतो. त्यामागचे जनुकीय दोष २०११ मध्ये उघड झाले. सोरायसिसमध्ये नेमकी हीच यंत्रणा अखंड चालू राहते. एरवी साधारण महिनाभरात होणारे त्वचेच्या पेशींचे चक्र काही दिवसांत उरकते आणि अर्धकच्च्या पेशींचे चंदेरी पापुद्रे साचतात. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात, ते हे.

सोरायसिसच्या चट्ट्यात जंतूंविरुद्धचा दारूगोळा किती ठासून भरलेला असतो, याचा पुरावा १९९७ मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठात मिळाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी सोरायसिसच्या पापुद्र्यांमधूनच बीटा-डिफेन्सिन-२ हे नैसर्गिक प्रतिजैविक वेगळे काढले, आणि ते कँडिडालाही मारते असे दाखवले. इसबाच्या त्वचेत जंतू सहज शिरकाव करतात. सोरायसिसच्या उघड्यावाघड्या दिसणाऱ्या चट्ट्यांत संसर्ग त्या मानाने कमी होतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे हे एक कारण. म्हणजे सोरायसिसचा चट्टा हे यीस्टसाठी माजायचे ठिकाण नव्हेच.

मग सुरुवातीची कोड्यासारखी वाटणारी गोष्ट सरळ होते. नवी इंजेक्शने इंटरल्यूकिन-१७ ला अडवतात. धोपटणे थांबते, चट्टे विरतात. आणि पहारा ढिला झाल्यामुळे तोंडातले यीस्ट थोडे डोके वर काढते. अशीच एक खूण त्याआधी कितीतरी वर्षे मिळाली होती. १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेणाऱ्या रुग्णांचा सोरायसिस योगायोगाने बरा होताना दिसला. संसर्गाने होणारा आजार प्रतिकारशक्ती दाबल्यावर चिघळायला हवा. हा निवळत होता. सायक्लोस्पोरिन स्वतः एका बुरशीपासून मिळते, ही नियतीने केलेली थट्टाच म्हणायची.

एवढ्यावर यीस्टला निर्दोष सोडून दिले तर तेही घाईचे ठरेल. २०१९ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी उंदरांच्या त्वचेवर मॅलॅसेझिया लावून दाखवले की ते हीच इंटरल्यूकिन-१७ ची साखळी जागी करते आणि त्वचा आधीच दुखावलेली असेल तर दाह वाढवते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या यास्मिन बेलकैद यांच्या गटाने कँडिडाबाबत असेच दाखवले : ज्या उंदरांच्या त्वचेला कँडिडाची ओळख आधी झालेली होती, त्यांच्यात सोरायसिससारखा दाह अधिक तीव्र झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण दिशा स्पष्ट आहे. एचआयव्हीच्या रुग्णांचा दाखलाही यीस्टच्या बाजूने बोलणारे देतात. त्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, यीस्ट भरपूर असते आणि तरीही काहींचा सोरायसिस फार उग्र होतो. मात्र त्यांच्यात प्रतिकारशक्ती सगळीकडून सारखी घटत नाही, तिचा तोल बिघडतो. त्यामुळे हा दाखला वाटतो तितका एकतर्फी नाही.

सूक्ष्मजीव सोरायसिसला चिथावणी देतात, ही कल्पना तशी नवी नाही आणि घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या बाबतीत ती चांगलीच सिद्ध आहे. लहान मुलाचा किंवा तरुणाचा घसा धरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे चट्टे उठतात, हे त्वचारोगतज्ज्ञ नेहमी पाहतात. आइसलँडमध्ये तर घसा दुखला की सोरायसिस उसळणाऱ्या २९ रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांचे टॉन्सिल काढले त्यांच्यात स्पष्ट सुधारणा झाली, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. यीस्टच्या बाजूने या तोडीचा पुरावा अजून उभा राहिलेला नाही. आतड्यातले कँडिडा काढल्यावर सोरायसिस गेला आणि गेलेलाच राहिला, असे दाखवणारी भक्कम चाचणी नाही. पोटाच्या अल्सरमागे हेलिकोबॅक्टर जिवाणू आहे, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवले, त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. तेव्हापासून प्रत्येक चिवट आजारामागे असाच एखादा लपलेला जंतू सापडेल, अशी आशा लोकांना लागून राहिली आहे. अल्सरमध्ये जिवाणू मेला की आजार परतत नाही. सोरायसिसमध्ये यीस्ट मेले तरी मूळ कल, जो बराचसा जनुकांतून आलेला असतो, तसाच राहतो. हा फरक जाहिरातीत कधी छापला जात नाही.

यीस्टला चिथावणीखोर मानणे आणि मूळ कारण मानणे यांत शब्दाचा फरक वाटतो, पण रुग्णाच्या आयुष्यात तो फार मोठा असतो. ‘फंगल आहे’ असे एकदा कानावर पडले की पहिली धाव मेडिकलकडे. तिथे मिळते ती ट्यूब बहुधा तीन औषधांची खिचडी असते : एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक आणि एक क्लोबेटासोलसारखे जालीम स्टिरॉइड. चार दिवसांत लाली उतरते, खाज थांबते. ते काम स्टिरॉइडचे. श्रेय मात्र बुरशीनाशकाला जाते आणि ‘बुरशीच होती’ याची खात्री पटते. मग ट्यूब संपते, चट्टा पूर्वीपेक्षा जोरात उसळतो, दुसरी ट्यूब येते. महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा कागदासारखी पातळ होते, मांडीत-काखेत कायमचे व्रण उमटतात. जालीम स्टिरॉइड मोठ्या भागावर लावून एकदम बंद केले, किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शने घेऊन एकदम थांबवली, तर सोरायसिस पूभरल्या पुळ्यांच्या किंवा सर्वांगभर लाल होण्याच्या रूपात उलटू शकतो, आणि तेव्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे; तो काउंटरवर किती पाळला जातो, हे कोणीही संध्याकाळी दहा मिनिटे मेडिकलमध्ये उभे राहून पाहावे.

बुरशीनाशक गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. ज्या केटोकोनॅझोलने या कल्पनेला पहिले बळ दिले, त्याच्या तोंडाने घ्यायच्या गोळीवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक बंधने घातली, कारण यकृताला होणारी गंभीर इजा. युरोपच्या औषध संस्थेनेही त्याच वर्षी ती गोळी थांबवण्याची शिफारस केली. टर्बिनाफिन या नायट्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळीने काही रुग्णांत सोरायसिस उसळल्याच्या नोंदी आहेत. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावे लागते. त्यात कोणी ‘आतडे साफ करायला’ महिनाभर इट्राकोनॅझोल सुचवले, तर ते आधीच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

पैशांपेक्षा आणि यकृतापेक्षाही एक नुकसान लवकर दिसत नाही. बुरशी म्हटले की घरच्यांच्या मनात लागण येते. टॉवेल वेगळा, साबण वेगळा, अंथरूण वेगळे. सलूनमध्ये नको ती नजर. लग्न जमवताना झाकपाक. सोरायसिस आणि कुष्ठरोग हे दोन वेगळे आजार आहेत, हे व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये निर्विवादपणे मांडले. त्याआधी कित्येक शतके सोरायसिसचे रुग्ण कुष्ठरोगी म्हणून गावाबाहेर ठेवले जात. जागतिक आरोग्य सभेने २०१४ च्या ठरावात सोरायसिसला असंसर्गजन्य आजार म्हणून मुद्दाम नोंदवले, ते या जुन्या भीतीमुळेच. मॅलॅसेझिया शेजारी बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावर आहेच. ते कोणाकडून ‘घ्यावे’ लागत नाही. तेव्हा यीस्टचा उल्लेख करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच दमात ‘हे कोणाला लागत नाही’ हे वाक्य बोलणे, आणि रुग्णासोबत आलेल्या सासू-नवऱ्यासमोर बोलणे, ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे.

यीस्टवर उपचार करूच नयेत, असा याचा अर्थ नाही. ते जिथे असते तिथे करावेत. टाळू, भुवया, नाकाच्या कडा, कानामागची त्वचा इथे सोरायसिससोबत पिवळसर, तेलकट पापुद्रे असतील तर केटोकोनॅझोलचा शाम्पू उपयोगी पडतो. तो वरून लावायचा असल्याने गोळीचा धोका त्यात नाही. पाच मिनिटे ठेवून धुवायचा, लावल्या लावल्या नव्हे. डोक्याला तेल थापण्याच्या सवयीचाही इथे विचार व्हावा. जाड पापुद्रे मऊ करायला तेल लावून थोड्या वेळाने धुऊन टाकणे ठीक. कोंडा जावा म्हणून रात्रंदिवस तेलकट डोके ठेवणे म्हणजे तेलावर जगणाऱ्याला आयते जेवण. स्तनांखाली, जांघेत, काखेत, पोटाच्या वळीत सोरायसिस असेल तर तिथल्या ओलाव्यात कँडिडा खरोखरच शिरते, मधुमेह असेल तर हमखास. अशा जागी बुरशीनाशक मलम योग्यच, आणि रक्तातली साखर तपासणे त्याहून योग्य. इंटरल्यूकिन-१७ अडवणारी इंजेक्शने घेणाऱ्यांनी गिळताना दुखणे, जिभेवर थर, जननेंद्रियांची खाज ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

नखांचा मामला जरा निराळा आहे. सोरायसिसने नख जाड होते, पिवळे पडते, टोकाकडून सुटते. बुरशीनेही अगदी तसेच होते, आणि बिघडलेल्या नखात बुरशी नंतर येऊन राहिली असेही घडते. नुसत्या नजरेने सांगणे अनुभवी डॉक्टरलाही अवघड जाते. तरीही अनेकांना नखाकडे पाहूनच तीन-तीन महिन्यांच्या बुरशीनाशक गोळ्या लिहून दिल्या जातात. नखाचा खरवडलेला चुरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही स्वस्त तपासणी आहे आणि गोळ्या सुरू करण्याआधी ती मागण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. त्यात बुरशी दिसली तर गोळ्या जरूर घ्याव्यात. दिसली नाही आणि सोरायसिसचीच शक्यता उरली, तर सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात का, टाच दुखते का, हे त्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे. नखांचा सोरायसिस असलेल्यांत सांध्यांच्या सोरायसिसची शक्यता जास्त असते आणि उपचारांविना वाकडे झालेले सांधे नंतर कोणत्याही इंजेक्शनाने सरळ होत नाहीत.